खालचा अर्धा फळा

४ मे, देवास

आज अल्पनाताईंनी एक निर्णय माझ्यावर सोपवला. तो मला पेलेल की नाही, याची शंका वाटते; म्हणून येथे लिहून पाहते आहे.

संकेतस्थळे बनवणाऱ्या आमच्या कार्यालयात आम्ही तिघेच. अल्पनाताई, ज्यांचे हे कार्यालय. अनीश, जो मूळचा धारचा. आणि मी, इरावती, जी मलकापूर सोडल्यापासून अजून कोठलीच नाही. धारच्या मराठी मंडळाला नवे संकेतस्थळ हवे आहे. जुने बंद पडले, कारण ते बनवणारे गृहस्थ परगावी गेले आणि त्यांच्यावाचून त्यातले एक अक्षरही कोणाला बदलता येईना. दोन वर्षे त्यावर ‘येत्या शुक्रवारी हळदीकुंकू’ हीच सूचना होती. एक नवी सून म्हणे खरेच साडी नेसून गेली होती.

मार्ग दोन आहेत. एक, प्रत्येक पान मी स्वतः संगणकाच्या भाषेत हाताने लिहावे. अशी पाने हलकी, नेटकी आणि सुरक्षित असतात. परंतु प्रत्येक बदलासाठी मी लागणार. दुसरा मार्ग सीएमएसचा, म्हणजे मजकूर सांभाळणाऱ्या तयार प्रणालीचा. त्यात आम्ही एकदा सांगाडा उभारून द्यायचा. पुढे मंडळातील कोणीही चौकटीत मजकूर लिहावा, कळ दाबावी, आणि तो संकेतस्थळावर दिसावा.

अल्पनाताईंनी दुसरी गोष्टही स्पष्ट सांगितली. हाताने केले तर मला निदान एक वर्ष येथे राहावे लागेल. सीएमएस केले तर जुलैच्या मध्यापर्यंत सारे मंडळाच्या स्वाधीन करून मी पुण्याला जाऊ शकते. भाषाविज्ञानाच्या एम.ए.ला मला प्रवेश मिळाला आहे. “तू हुशार आहेस, गुण बघून ठरव,” असे त्या म्हणाल्या. निर्णय गुणांवरच व्हावा, माझ्या सोयीवर होऊ नये, एवढे मी स्वतःला बजावले आहे.

७ मे

अनीशने आज पहिला आक्षेप घेतला. या विषयात त्याला एवढा रस असेल, असे वाटले नव्हते.

त्याचे म्हणणे असे की, सीएमएस जगभर वापरले जाते, म्हणून जगभरचे चोर त्याची कुलपे ओळखतात. नवी सुधारणा आली की लगेच चढवावी लागते; एकदा विसरलो की कोणीही आत शिरेल. “तू गेल्यावर हे रोज कोण बघणार? तात्यासाहेब?” असे त्याने विचारले. तात्यासाहेब हे मंडळाचे अध्यक्ष. ते अजून घड्याळाला चावी देतात.

मी म्हटले, “तुमचा मुद्दा विचार करण्यासारखा आहे.”

“मला तुम्ही म्हणू नकोस ना, यार. मी कलेक्टर असल्यासारखं वाटतं.”

मी पाहीन म्हटले. आक्षेपाविषयी म्हटले, की संबोधनाविषयी, हे मलाही नीट कळले नाही. एक मात्र नोंदवते: आक्षेप इतका भक्कम होता की मला खरे तर चिंता वाटायला हवी होती. का कोण जाणे, बरे वाटले.

११ मे, धार

मंडळाची जागा पाहायला आम्ही दोघे बसने आलो. खिडकीची जागा अनीशने मला दिली आणि वाहकाला “भिया, जरा एसी तो चला दो” म्हणाला. बसला एसी नव्हता. वाहक हसला, मीही हसले. बहुधा मोठ्याने, कारण अनीशने वळून पाहिले.

मंडळाच्या फाटकाशी एक काळा फळा आहे. त्याच्या मधोमध पांढऱ्या रंगाची रेघ मारलेली आहे. वरच्या भागात तात्यासाहेब रोज सकाळी तिथी, वार आणि मंडळाची सूचना लिहितात. खालचा भाग सर्वांचा. एक खडू सुतळीने खिळ्याला बांधलेला असतो. ज्याला वाटेल त्याने लिहावे. सायंकाळपर्यंत कोणी कोणाचे पुसायचे नाही, एवढाच नियम.

आज तेथे होते: ‘हाटपिपल्याहून लोणच्याची बरणी आली आहे. ज्यांची असेल त्यांनी न्यावी.’ त्याखाली: ‘झाकण सैल आहे, आडवी धरू नये.’ आणि सर्वांत खाली: ‘रविवारी रतलामास जात आहे. कोणाला काही पाठवायचे असल्यास शनिवारपर्यंत मंडळात द्यावे. — मनन.’ ही येथली जुनी रीत दिसते. माणूस परगावी निघाला की सांगून निघतो, आणि त्याच्या पिशवीतून साऱ्यांची लोणची, औषधे, लग्नपत्रिका जातात. गुपचूप जाणाऱ्याला आपमतलबी समजतात.

मी तात्यासाहेबांना विचारले की खालच्या भागातील मजकूर आधी कोण तपासतो. त्यांनी चष्म्यावरून पाहिले. “वरचा भाग मंडळाचा, मुली. खालचा लोकांचा. आणि खरें सांगतो, वरचा कोणी वाचीत नाही.”

परतताना माझ्या ध्यानात आले की मी हाताने केलेले संकेतस्थळ म्हणजे फक्त वरचा अर्धा फळा असेल. हे मी अनीशला सांगितले. त्याने तिकिटाची घडी घातली, उलगडली. मग म्हणाला, “वरचा भागही सुंदर असतो.”

१५ मे, देवास

दुसरा आक्षेप. सीएमएसची पाने प्रत्येक वेळी कोठारातून मजकूर काढून नव्याने जुळवावी लागतात; त्यामुळे ती सावकाश उघडतात, आणि गावात इंटरनेटचे जाळे क्षीण असते. मी दुपारभर वाचले आणि उत्तर मिळाले: एकदा जुळवलेले पान साठवून ठेवता येते व पुढच्याला तेच दाखवता येते. सुधारणाही आपोआप चढतील, अशी सोय आहे. म्हणजे पहिला आक्षेपही निकालात निघाला.

उत्तरे त्याला दाखवली. “कमाल आहे तुझी,” तो म्हणाला, पण आनंदाने नव्हे. त्याने आणलेली जिलेबी तशीच राहिली.

२४ मे

निःपक्षपातीपणासाठी दोन्ही पद्धतींनी एकेक नमुना तयार केला आणि सुभद्रा आत्याला दाखवला. मी आत्याकडेच राहते. ती शाळेतून निवृत्त झाली आहे आणि येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाला सांगते की माझी भाची मराठी माध्यमातून तालुक्यात पहिली आलेली आहे. दूधवाल्यालाही सांगून झाले आहे.

हाताने केलेला नमुना पाहून आत्या म्हणाली, “सुरेख. अगदी तुझ्या वह्यांसारखा.” मग सीएमएसच्या चौकटीत तिने एका बोटाने कैरीच्या मेथांब्याची कृती लिहिली, कळ दाबली, आणि ती पानावर उमटलेली पुन्हा पुन्हा वाचली. थोड्या वेळाने तिने चष्मा पुसला. तिच्या हातचे छापलेले असे काही तिने आजवर पाहिले नव्हते, म्हणे.

मी दोन्ही नमुन्यांची तुलना करणारे टिपण लिहायला बसले होते. ते अपुरे राहिले. सौंदर्य, वेग, सुरक्षितता यांचे मोजमाप मला करता येते. आत्याने चष्मा पुसला, हे कोणत्या सदरात लिहावे ते कळेना.

अनीशने फोनवर विचारले, आत्यांना कोणता आवडला. मी सांगितले. मग त्याने, विषयाशी काही संबंध नसताना, पुण्यात उन्हाळा कसा असतो ते विचारले.

१ जून, धार

आज जे घडले ते क्रमाने लिहिते.

मंडळाचे सचिव विश्वासराव यांना निर्णयाआधी सीएमएसचा नमुना वापरून पाहायला शिकवायचे होते; त्यासाठी सभासदांचे फोन मी त्यात नोंदवले होते. त्यांचे वय सत्तरीच्या पुढे. बोलणे अर्धे मराठी, अर्धे हिंदी, आणि दोन्ही वेगाने. मी त्यांना सांगितले, “सरावासाठी कोणतीही एक सूचना लिहा.” आणि अनीशबरोबर चहा घ्यायला बाहेर गेले. चूक माझी, हे प्रथमच नमूद करते.

विश्वासरावांनी असा विचार केला की, मंडळाला वरचेवर लागणारी आणि आपल्याला तोंडपाठ असलेली सूचना म्हणजे निधनाची. परंतु नाव कोणाचे घालावे? जिवंत माणसाचे घालणे अशुभ, गेलेल्याचे घालणे ही थट्टा. तेव्हा त्यांनी स्वतःचे घातले. ‘आमचे येथील ज्येष्ठ सभासद विश्वासराव यांना अल्पशा आजाराने देवाज्ञा झाली.’ मजकुरात एकही चूक नव्हती. मग मी शेवटी दाखवलेली कळ त्यांनी दाबली, आणि संकेतस्थळाने ती सूचना, मी जशी योजना केली होती तशी, नोंदणी केलेल्या प्रत्येक कुटुंबाच्या फोनवर पाठवली.

पहिला फोन त्यांच्या घरून आला. काकू शांतपणे विचारत होत्या, “तुम्ही गेलात म्हणे. जेवायला येताय ना? आणि आजार कुठला होता तो?” घरातून धडधाकट निघालेल्या माणसाचे नेहमीचे शब्द त्यांनी लगेच ओळखले होते.

पण इतरांनी ओळखले नाहीत. आम्ही धावत त्यांच्या घरी पोहोचलो तेव्हा अंगणात माणसे जमली होती. ज्या घरी कोणी गेले तेथे त्या दिवशी चूल पेटवायची नाही, शेजाऱ्यांनी पिठलं-भात न्यायचा, ही रीत येथे अजून पाळतात. चार घरांतून पिठलं-भात आला होता. विश्वासराव दारातून आत शिरताच एक आजी “अगोबाई” म्हणून खालीच बसल्या. विश्वासराव सर्वांसमोर हात जोडून म्हणत होते, “अरे भिया, ट्रायल था, ट्रायल!”

मला तेथून नाहीसे व्हावेसे वाटले. अनीश मात्र हसू आवरत म्हणाला, “देख, हाच माझा मुद्दा होता.” मी त्याच्याशी बोलले नाही.

दुपारी बडनावरहून रघुजी आले. हे विश्वासरावांचे बालमित्र. मंडळाच्या एका निवडणुकीवरून दोघांत अनेक वर्षे अबोला होता. त्यांच्या हातात हार होता आणि डोळे लाल झाले होते. समोर विश्वासराव चहा पीत बसलेले. रघुजी उंबऱ्यातच थांबले. मग आत येऊन त्यांनी हार मित्राच्या मांडीवर टाकला.

“मरायचं होतं तर आधी बोलायचं तरी होतं,” ते म्हणाले.

विश्वासरावांनी शेजारचा पाट सरकवून दिला. काकूंनी दोघांना पिठलं-भात वाढला. रघुजींनी पहिल्या घासाला मीठ कमी आहे म्हटले, विश्वासरावांनी तुझी जीभ गेली आहे म्हटले, आणि मग ते दिवेलागणीपर्यंत भांडत राहिले. काकू आत जाऊन डोळ्यांना पदर लावून आल्या.

या घटनेची नोंद प्रणालीच्या गुणांत करावी की दोषांत, हे मला ठरवता आलेले नाही.

३ जून, देवास

उपाय सापडला. लिहिणाऱ्याला केवळ मसुदा पाठवता यावा. तो प्रसिद्ध करण्याची कळ तपासणाऱ्याच्याच हाती असावी. दोन भूमिका, दोन परवाने. ही सोय आधीपासूनच होती. मी ती वापरली नव्हती.

फळ्याच्या नियमाविरुद्ध हे जाते का, असे मी तात्यासाहेबांना फोनवर विचारले. ते म्हणाले की फळा फाटकापर्यंतच पोहोचतो, बडनावरपर्यंत नाही. तेव्हा एवढी सावधगिरी चालेल. “पण तपासणाऱ्याने माणसाची भाषा बदलूं नये. चूक असेल तर असो.” हे माझ्यासाठी कठीण आहे. प्रयत्न करीन.

१० जून

अनीशचा आणखी एक आक्षेप: उद्या हे सीएमएस सोडायचे झाले तर आत साठलेला मजकूर अडकून पडेल. सारा मजकूर बाहेर काढून घेण्याची सोय आहे, हे मी त्याला प्रत्यक्ष करून दाखवले. त्यानंतर त्याने देवनागरी टंकाविषयी एक शंका काढली, मग सदस्यांच्या जुन्या फोनविषयी एक, आणि शेवटी, “आणि वीज गेली तर?”

“वीज गेली तर हाताने केलेलेही दिसणार नाही,” मी म्हटले.

“हां. वो भी है.”

तो एवढ्या बारकाईने विचार करतो, याचे मला कौतुक वाटते. त्याच्यामुळेच माझे टिपण परिपूर्ण होत आहे. त्याचे सारे शिक्षण हिंदीत झाले. मराठी तो बोलतो, पण वाचताना ओळीवर बोट ठेवावे लागते. तरी माझे टिपण त्याने पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचले. वाचून झाल्यावर म्हणाला, “यात तू कुठे आहेस? सगळ्यांचं लिहिलंस. तुला काय पाहिजे, ते नाही लिहिलं.”

तुलनात्मक टिपणात लेखकाच्या इच्छेला स्थान नसते, असे मी उत्तर दिले. ते बरोबरच आहे. तरीही ते वाक्य मला दिवसभर आठवत राहिले.

२२ जून, धार

मंडळाची सभा झाली. मी टिपण वाचून दाखवले. सर्वांच्या मागे विश्वासराव आणि रघुजी शेजारी शेजारी बसले होते आणि एकमेकांना गप्प बसायला सांगत होते.

मत विभागले होते. पिठलं-भाताचा दिवस कोणी विसरले नव्हते. काहींचे म्हणणे पडले की इरावती हाताने करते ते सुंदर आहे, तेच ठेवावे, आणि तिला ठेवून घ्यावे. हे ऐकताना मला कोठे पाहावे ते कळेना, म्हणून मी अनीशकडे पाहिले. तो जमिनीकडे पाहत होता.

तात्यासाहेबांनी त्यालाच विचारले, “अनीश, तूं यांतला जाणकार. गावचा मुलगा आहेस. तुझें मत सांग. आम्ही तसें करूं.”

मला खात्री होती की तो आता सारे आक्षेप मांडील, आणि तसे झाले असते तर मंडळ हाताने केलेल्याच्या बाजूने गेले असते. तो उठला.

“सीएमएसच घ्या,” तो म्हणाला. “तिने सगळ्या शंकांची उत्तरं काढली आहेत. देखभाल मी करीन. तिला अडकवून ठेवण्यात काही अर्थ नाही.”

ठराव एकमताने झाला. मला आनंद व्हायला हवा होता. लोकांनी अभिनंदन केले, पेढा दिला. तो मी रुमालात बांधून ठेवला.

परतीच्या बसमध्ये मी त्याला विचारले की इतके दिवस विरोध करून आज मत का बदलले. तो खिडकीबाहेर पाहत होता. आज खिडकीची जागा त्याने घेतली होती.

“आक्षेप संपले,” तो म्हणाला. “एकच राहिला. पण तो कम्प्युटरचा नव्हता.”

तो कोणता, हे विचारणार तोच वाहक तिकिटासाठी आला. नंतर विचारण्याचे धाडस झाले नाही. पेढा मुंग्यांनी खाल्ला.

१२ जुलै, देवास

आज धारला जाऊन जबाबदारी सोपवली. परवलीचे शब्द, साठवणीची पद्धत, सुधारणांचे वेळापत्रक, सारे अनीशला समजावून सांगितले. त्याला हे सगळे माझ्याहून चांगले येते; तरी त्याने मला दोनदा सांगायला लावले.

तपासणारा कोण, हा प्रश्न राहिला होता. विश्वासरावांनी हात वर केला आणि सर्व मंडळी एकदम नको म्हणाली. मग तात्यासाहेबांनी सांगितले की तपासणी इरावतीच करील. पुण्यात बसून कळ दाबायला काय जाते. याप्रमाणे मी मंडळाची तपासनीस झाले आहे. मी ज्या प्रणालीची निवड केली तिचा मुख्य गुण असा की तिला माझी गरज नसावी. आणि मला लगेच त्याच प्रणालीत जागा मिळाली, तेव्हा मी इतकी सुखावले की माझ्या निःपक्षपातीपणाविषयी मला गंभीर शंका आली.

उद्या सकाळी निघायचे. आत्याने मेथांबा बांधून दिला आहे. ती म्हणाली, “अनीश चांगला मुलगा आहे हो.” संकेतस्थळाची देखभाल तो नीट करील, असे मी तिला सांगितले. आत्या माझ्याकडे पाहत म्हणाली, “तालुक्यात पहिली.” आणि स्वयंपाकघरात गेली.

३ ऑगस्ट, पुणे

येथील वर्ग मनासारखे आहेत. ग्रंथालयात खिडकीजवळ एक जागा आहे, तेथे बसते. कोणाशी फारसे बोलणे होत नाही, पण त्याची मला सवय आहे. सवय होती, असे लिहायला हवे.

मंडळाचे मसुदे रोज येतात. विश्वासराव आणि रघुजी आता सूचनांतूनही भांडतात. मी दोघांचेही प्रसिद्ध करते. शब्द बदलत नाही. तात्यासाहेबांचा नियम पाळणे अजून जड जाते, पण जमते आहे.

आज दुपारी एक मसुदा आला. लिहिणाऱ्याचे नाव पाहून मी तो लगेच उघडला नाही. या माणसाने आजवर मराठीत एक ओळही लिहिल्याचे मला माहीत नाही. उघडला. मजकूर असा होता:

‘पुढच्या रविवारी पुण्यास जात आहे. कोणाला काही पाठवायचे असल्यास शनिवारपर्यंत मंडळात द्यावे. — अनीश.’

मी तो ओळीवर बोट ठेवून वाचला.

पुण्यात त्याचे काय काम आहे, हे सूचनेत लिहिलेले नव्हते. तपासणाऱ्याने विचारायला हवे होते. मी विचारले नाही. बसमध्ये जे विचारायचे राहिले होते, त्याचेही उत्तर आता मागायची गरज उरली नाही, असे वाटले. एकदा प्रसिद्ध केले की धार, देवास, बडनावर, हाटपिपल्या, साऱ्यांना कळणार. आणि काय कळणार, हेही मला कळत होते. पडद्यावर कळ वाट पाहत होती. ग्रंथालयात मीच एकटी अशी होते जिचे कान तापले होते.

मी ‘प्रसिद्ध करा’ दाबले.

चहा प्यायला जाऊन परत येते तो त्या सूचनेखाली (प्रतिसादांना तपासणी लागत नाही) एक प्रतिसाद आलेला होता: ‘मेथांब्याची मोठी बरणी माझ्याकडून. आडवी धरू नये. — सुभद्रा.’ त्याखाली विश्वासरावांनी सेव पाठवत असल्याचे लिहिले होते, आणि त्याखाली रघुजींनी, त्यांची सेव शिळी असते, माझी न्यावी.

तपासणाऱ्याला लिहिणाऱ्याकडे शेरा पाठवण्यासाठी एक लहानशी चौकट असते. आजवर मी ती कधी वापरली नव्हती. त्यात लिहिले: ‘सूचना प्रसिद्ध झाली आहे. गाडी किती वाजता पोहोचते ते कळव. मी येते स्टेशनवर.’